चष्म्याने सुधारत नाही, मग पुढे काय? : खान्देशातल्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जळगाव, धुळे, नंदुरबार.

विषय : शाळेतल्या डोळे तपासणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवण्याबाबत.

महोदय,

चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, सगळं होतं. दिवसभर दुसऱ्यांचे रकाने भरायचे हा माझा धंदा. एवढ्या वर्षांत एक कळलंय की फॉर्मात ज्याला रकाना नाही, त्याचं पुढे काही होत नाही. म्हणून निधी, नवीन इमारत, शिबिर, उद्घाटन असलं काहीच मागत नाही. चष्म्याने नजर न सुधारणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, ते लिहायचा एक रकाना मागतोय. तो कशासाठी, हे सांगायला मात्र जरा वेळ घेणार आहे.

माझ्या दुकानातला स्क्रीन दोनशे टक्के मोठा करून ठेवलेला असतो, तरी मला त्याला नाक लावावं लागतं. गिऱ्हाईकांना सवय झालीय. डावा डोळा पंधराव्या वर्षी गेला आणि उजव्याने सहा-साठ दिसतं. म्हणजे धडधाकट माणसाला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर मला सहा मीटरवर यावं लागतं. शाळेत मी पहिल्या बाकावर बसायचो तरी फळा म्हणजे हिरवा ढग. मास्तरांनी ‘ढ’ ठरवलं, आईने देवाला सोडलं, वडिलांनी दोनदा चष्मा करून दिला. दोन्ही चष्मे घरातल्या पेटीत अजून आहेत. त्यांनी काहीच फरक पडला नाही, आणि का पडला नाही हे कुणी विचारलं नाही. नववीत कबड्डी खेळताना कानशिलावर गुडघा बसला. संध्याकाळी डाव्या डोळ्यात तांबडं जाळं उतरलं. चार महिन्यांनी तो डोळा कायमचा बंद. गाव म्हणालं, कबड्डीने घालवला. मीही पस्तिशी उलटेपर्यंत तेच मानत होतो.

दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, बायका झोक्यावर, आणि ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “भाऊ, पोऱ्याले फयावरनं दिसत नई.” भाचा तेव्हा सात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. त्याला बोलावलं. मोबाइलवर मजकूर दाखवला तर त्याने तो डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरला आणि मान किंचित वाकडी केली. तशीच मान मी करतो.

“शाळेत तपासणी झाली नाही का?” मी विचारलं. झाली होती की! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. २०१३ पासून ही योजना चालू आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं. योजना चांगली आहे, आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या हृदयाला असलेलं भोक त्याच पथकाने पकडलं. पण भाच्याचं झालं असं की, व्हरांड्यात तक्ता लावलेला, पोरांची रांग, हा रांगेच्या शेवटी. पुढच्या तीसेक पोरांनी तीच अक्षरं मोठमोठ्याने म्हटली. याला दिसत नसलं तरी कान तिखट. नंबर आला तेव्हा याने सगळा तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. मॅडमनी ‘सामान्य’ लिहिलं. पोरगं खूश, पास झालो म्हणून.

मग आम्ही तालुक्याला गेलो. तिथे चष्म्याच्या काचा बदलून बदलून पाहिल्या, सहा-छत्तीसच्या पुढे गाडी जाईना. “आळशी डोळा आहे, पट्टी लावा,” असं सांगून घरी पाठवलं. पोराने सात महिने एक डोळा झाकला. वर्गात त्याला ‘चाचा’ म्हणून चिडवायचे, समुद्री चाच्यासारखी पट्टी म्हणून. तो दवाखाना कुठला हे लिहिणार नाही. चूक एका माणसाची नाहीच. चष्म्याने सुधारत नाही इथपर्यंत सगळे येतात आणि तिथेच थांबतात, कारण त्यापुढे काय करायचं ते कागदावर कुठेच छापलेलं नाही.

शेवटी नाशिकला गेलो. तिथे बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं, तासभर बसवलं आणि ओसीटी नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवायला सांगितली. सुई नाही, दुखणं नाही, दोन मिनिटांचं काम. डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद स्क्रीनवर येतो, शेतात चर खणल्यावर मातीचे थर दिसतात तसा. भाच्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी थरांच्या आत काळ्या पोकळ्या होत्या, मध्ये बारीक खांब उभे. डॉक्टरांनी बहिणीला विचारलं, “तुमच्या माहेरी कुणाला नजरेचा त्रास?” बहिणीने नुसतं माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मलाच उठवून खुर्चीवर बसवलं.

आजाराचं नाव एक्स-लिंक्ड ज्युवेनाइल रेटिनोस्कायसिस. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटतो, तसे डोळ्याच्या पडद्याचे थर एकमेकांपासून सुटतात. हे थर धरून ठेवायला रेटिनोस्कायसिन नावाचं एक प्रथिन लागतं. ते बनवायची कृती आरएस१ या जनुकात लिहिलेली असते, आणि त्या कृतीतच चूक असली तर थर सुटून मधल्या पोकळीत पाणी साचतं. नजर सगळ्यात तीक्ष्ण जिथे असते नेमकं तिथे. साधारण निम्म्या मुलांत पडद्याच्या कडेलाही थर सुटतात. तिथल्या रक्तवाहिन्या आधाराविना लोंबतात, मार लागला की फुटतात, कधी पडदाच निसटतो. माझा डावा डोळा कबड्डीने घालवला हे खरं, पण पडदा आधीच सुटलेला होता. कुणी सांगितलं असतं तर मी धावण्याच्या शर्यतीत भाग घेतला असता, कबड्डीच्या मैदानात उतरलो नसतो.

या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १८९८ सालची आहे. जनुक सापडलं १९९७ मध्ये. तेव्हा मी प्राथमिक शाळेत फळ्यासमोर डोळे बारीक करून बसलेलो. ती बातमी आमच्या घरी पोचायला पंचवीस वर्षांच्या वर गेली.

आता थेंबांचं. डॉक्टरांनी भाच्याला डॉर्झोलामाइडचे दोन टक्क्यांचे थेंब लिहून दिले. दोन्ही डोळ्यांत एकेक, दिवसातून तीन वेळा. हे औषध नवीन नाही, १९९० च्या दशकापासून काचबिंदूला वापरतात. २००६ मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांनी या आजाराच्या मोजक्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. बऱ्याच जणांच्या पोकळ्या लहान झाल्या आणि काहींची नजरही काही अक्षरांनी सुधारली. त्यानंतर ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी असेच अनुभव लिहिले. पडद्याच्या मागच्या बाजूला पाणी उपसणारा एक पेशींचा थर असतो. हे औषध तिथल्या एका विकराला अडवतं आणि पाण्याचा निचरा वाढतो, असा तर्क आहे. केळीच्या बागेत पाणी तुंबलं की आपण चर काढतो. जमीन तीच राहते, मुळं तेवढी कुजायची वाचतात.

महोदय, इथे मी हात राखून लिहितो, कारण हे पत्र उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल आणि कुणीतरी वर ‘आंधळेपणावर रामबाण थेंब’ असं लिहील. तसं काही नाही. थेंबांनी जनुक दुरुस्त होत नाही, प्रथिन तयार होत नाही. काही मुलांना काडीचाही फरक पडत नाही. काहींची सूज उतरते पण नजर तेवढीच राहते. काहींना आधी गुण येतो आणि पुढे औषध चालू असतानाच पाणी परत भरतं. जे अभ्यास झालेत ते लहान आहेत, थोड्या रुग्णांचे आहेत. आणि वेळ निघून गेली की थेंबांना करायलाच काही उरत नाही. माझ्या उजव्या डोळ्यातल्या पोकळ्या केव्हाच बसल्या, मधला पडदा झिजून पातळ झाला. त्या पडद्यात आता उपसायला पाणीच नाही. डॉक्टरांनी माझा आणि भाच्याचा छेद शेजारी शेजारी ठेवून दाखवला. तो कागद मी लॅमिनेट करून दुकानात लावलाय. वरचा छेद सात वर्षांचा, खालचा सदतिसाचा.

भाच्याला थेंब सुरू करून तीन महिन्यांनी परत ओसीटी काढली. उजव्या डोळ्यातली सूज बरीच उतरली होती, नजर सहा-छत्तीसवरून सहा-चोवीसवर आली. डाव्यात पोकळ्या थोड्या कमी, नजर जशीच्या तशी. म्हणजे तक्त्यावरच्या ओळीचा हिशेब केला तर एका डोळ्यात एक ओळ. तुम्हाला वाटेल, एका ओळीसाठी एवढं मोठं पत्र? पण त्या एका ओळीमुळे पोरगं आता पहिल्या बाकावरून फळ्यावरचं मोठं अक्षर स्वतः वाचतं. एसटीवरची पाटी वाचता येत नाही, पण गाडी कुठल्या रंगाची आणि अंगावर येतेय का, हे लांबून कळतं. मला तेही कळत नाही.

थेंब घालायचे म्हणजे काय, हे कागदावर सोपं दिसतं. बाटली पाच मिलिलिटरची. त्यात ढोबळमानाने शंभर-सव्वाशे थेंब. दिवसाला सहा लागतात, पोराने डोळा मिटला की दोन गालावर जातात. बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांत वापरून टाकायची असते, पण तेवढी ती पुरतच नाही. तीस डिग्रीच्या आत ठेवा असं खोक्यावर छापलंय. खान्देशात मे महिन्यात तीस डिग्री कुठे शोधायची? बहिणीकडे फ्रीज आहे, लाइट असतेच असं नाही. तिने माठाच्या तिवईखाली एक स्टीलचा डबा ठेवलाय, वर ओलं फडकं, आत बाटली. खालची पापणी ओढायची, थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा. दाबलं नाही तर औषध घशात उतरतं आणि तोंड कडूजहर होतं. पहिल्या दिवशी पोराने तोंड वाकडं करून विचारलं, “मामा, डोयामा टाकं ते कडू कसं लागस?” मी त्याला डोळा आणि नाक आतून जोडलेले असतात ते समजावलं. तेव्हापासून तो स्वतःच कोपरा दाबतो आणि साठ आकडे मोजतो. पाढे पाठ व्हायच्या आधी साठपर्यंतची मोजणी पक्की झाली.

औषधाच्या दुकानातला प्रकार याहून गंभीर आहे. पहिल्यांदा दुकानदार म्हणाला, “ही म्हाताऱ्यांची काचबिंदूची बाटली, पोराला कशाला?” ते ठीक, त्याच्या बोलण्यात काळजीच होती. दुसऱ्यांदा गेलो तर साधं डॉर्झोलामाइड नव्हतं म्हणून त्याने ‘तेच आहे’ म्हणत दुसरी बाटली दिली. मी दुकानात येऊन मोबाइलचा कॅमेरा लावला, अक्षरं मोठी केली, तर नावापुढे टिमोलॉल जोडलेलं. काचबिंदूवाल्यांना हे जोड औषध नेहमी देतात, म्हणून तेच सहज मिळतं. पण टिमोलॉलने दम्याच्या मुलाचा श्वास अडू शकतो, नाडी मंद होऊ शकते. आमच्या पोराला थंडीत छातीत घरघर होते. बाटली परत केली. मला नीट दिसत नाही म्हणून मी प्रत्येक अक्षर मोठं करून वाचतो, म्हणून ते सापडलं. डोळस माणसाने खिशात टाकली असती. शिवाय डॉर्झोलामाइड सल्फाच्या कुळातलं औषध आहे. सल्फाच्या गोळीने कधी अंगावर पुरळ उठलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. तेव्हा हे वाचून कुणी परस्पर बाटली आणायला जाऊ नये, एवढं पालकांना या पत्रातूनच सांगतो.

एका सरकारी दवाखान्यात हीच बाटली मागायला गेलो, तर आजाराचं नाव काचबिंदू नाही म्हणून देता येत नाही म्हणाले. खोक्यावर छापलेल्या आजारापेक्षा वेगळ्या आजाराला डॉक्टर औषध लिहू शकतात, ती बेकायदा गोष्ट नाही. नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी असेल तर साधं डॉर्झोलामाइड मुलांना द्यावं, जोड औषध बदली देऊ नये, अशी दोन ओळींची सूचना जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात लावायला काय लागतं?

आता शिक्षणाधिकाऱ्यांशी थोडं. तीन वेळांतली दुपारची वेळ शाळेत येते. आमच्या गुरुजींनी पहिल्या दिवशी बाटली जप्त केली, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी वाचून परत दिली, आणि आता खिचडीची घंटा झाली की स्वतः आठवण करतात. भला माणूस. पण हे सगळं एका माणसाच्या भलेपणावर सोडून कसं चालेल? आणि धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, यावलच्या आश्रमशाळांतली पोरं? त्यांची आई शंभर किलोमीटरवर, ऊसतोडीला गेलेली. औषध अधीक्षकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली अधीक्षकांच्या खिशात, अधीक्षक मीटिंगला. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्या तुमच्या हाताखाली येत नाहीत, हे फॉर्म भरणाऱ्या माणसाला माहीत असतं. पण तपासणीचं पथक तिथेही जातं ना? मुलाच्या कार्डावर ‘दुपारी औषध’ एवढं लाल शाईने लिहिलं, तरी अधीक्षकांना ते टाळता येणार नाही.

फळ्यावरचं वहीत उतरवून न घेणाऱ्याला मारू नका, पहिला बाक द्या, हे सांगायला परिपत्रक लागू नये. पुस्तकांचं मी माझ्यापुरतं बघतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. मी भाच्यासाठी दर शनिवारी पुढचे धडे मोठ्या ए-थ्री कागदावर छापतो. आता गावातल्या आणखी दोन मुलांना देतो. त्यातल्या एकीला आमचा आजार नाही, वेगळाच काहीतरी आहे. तिची ओसीटी अजून व्हायचीय.

आरोग्य विभागाने आणखी एक गोष्ट जपायला हवी, बोलायला जरा अवघड आहे. आजार आईकडून येतो असं कळल्यावर बहीण घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. चाळीसगावच्या पुढे म्हणाली, “मन्हाकडतून ऊना का हाऊ रोग?” सासरी ते वाक्य पोचायला दोन दिवस लागले, आणि मग जे व्हायचं ते झालं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, एकात चूक असली तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून तिला काही होत नाही. मुलाकडे एकच. अशा आईच्या प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलीने तो दोष पुढे वाहून न्यायची शक्यताही निम्मीच. तिच्या हातात यातलं काहीच नसतं. आमच्या आईकडून आम्हा दोघांना तो आला, आईला कुणाकडून आला ते सांगायला आता कुणी नाही. निदान सांगतानाच नवऱ्याला शेजारी बसवून हे सगळं समजावलं असतं, तर बहिणीचे ते दोन महिने वाचले असते.

आणि दुसरं. मला मुलगी आहे, पाच वर्षांची. बापाला आजार असला की त्याच्या मुलग्यांना तो मिळत नाही, पण प्रत्येक मुलीकडे ते जनुक जातंच, निम्मं-बिम्मं काही नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असं म्हणायची पद्धत आहे. आखाजीला, लग्नात, म्हाताऱ्या बायका दोघांना शेजारी बसवून जोडी जमवतात. पूर्वी मीही हसायचो. आता हिशेब कळतो. असं लग्न झालं तर त्यांच्या मुलग्यांनाच नाही, निम्म्या मुलींनाही आजार होण्याची शक्यता. मुलींमध्ये हा आजार एरवी जवळजवळ दिसत नाही. मी घरात एकदाच स्पष्ट सांगितलं आणि विषय बंद केला. पण ज्या घरात आजाराचं नावच माहीत नाही, तिथे कोण कुणाला सांगणार? पडद्याच्या अशा आनुवंशिक आजाराची नोंद झाली की आईच्या माहेरची माणसं एकदा बोलावून तपासावीत, असं मला म्हणूनच वाटतं. एका पोरापासून सुरुवात केली तर मामा, मावसभाऊ, आजोबा असे तीन-चार जण सापडतील.

अशी मुलं किती असतील, असा प्रश्न तुमच्या मीटिंगमध्ये येणार, म्हणून हिशेब करून ठेवलाय. जगभरातला अंदाज पाच हजार ते पंचवीस हजार पुरुषांमागे एक असा दिला जातो. २०११ च्या जनगणनेत आपल्या तिन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ७९ लाखांच्या वर होती. निम्मे पुरुष धरले, तरी लहानमोठे मिळून दीडशे ते आठशे निघतात. मला आजवर दोन माहीत आहेत, मी आणि भाचा. बाकीचे कुठे आहेत? कुणी गुरं राखत असेल, कुणी जिनिंगमध्ये गठाण उचलत असेल, कुणाच्या पेटीत दोन निरुपयोगी चष्मे असतील. आणि हा तर एकच आजार झाला. चष्म्याने न सुधारणाऱ्या मुलांत रातांधळेपणाने सुरू होणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा असतो, मधली नजर घालवणारा स्टारगार्ड असतो, आणि खरोखरच आळशी डोळा असलेलीही असतात, ज्यांना पट्टीचा उपयोग होतो, पण वेळेत लावली तरच. माझा रकाना या सगळ्यांसाठी आहे.

कुणी म्हणेल, थोडं थांबा, जनुक-उपचार येतोय. २०१५ पासून अमेरिकेत या आजारासाठी डोळ्यात निरोगी जनुक सोडण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यातली एक २०१८ मध्ये गुण दिसला नाही म्हणून थांबवावी लागली. काम चालू आहे, येईल तेव्हा येईल, आणि आम्ही आनंदाने रांगेत उभे राहू. पण त्या रांगेत उभं राहायला पडदा शिल्लक पाहिजे, आणि यादीत नाव पाहिजे. भारत सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात हा आजार बसतो की नाही, यावर वाद घालायलासुद्धा आधी मुलं मोजलेली पाहिजेत.

तर रकाना असा. शाळेतल्या तपासणीच्या फॉर्मात नजरेपुढे ‘सामान्य / कमी’ एवढंच असतं. त्यापुढे लिहा : ‘पिनहोलने सुधारते का?’ पिनहोल म्हणजे काळ्या चकतीला पाडलेलं बारीक भोक. त्यातून पाहिल्यावर अक्षर स्पष्ट झालं तर बहुतेक नंबरचा दोष, चष्मा द्या. नाही झालं तर पोराला घरी पाठवू नका. पुढच्या खणात तारीख घाला : ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे कधी, तिथून ओसीटीला कधी, आणि गेला का. ‘गेला का’ हा खण सगळ्यात महत्त्वाचा, कारण आमच्याकडे पाठवलेल्यातले अर्धे वाटेतच परततात. मजुरी बुडते, गाडीभाडं नसतं. जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला तर त्याच्याही आधीपासून. मला नाशिक गाठावं लागलं, कारण ओसीटी जवळ कुठे, कुठल्या वारी होते, हे कुणाला सांगताच आलं नाही. तो वार आणि खोली क्रमांक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या पाटीवर लिहा. आणि पोरांना तपासताना एक-एकाला खोलीत बोलवा, बाकीच्यांना तक्ता ऐकू जाणार नाही इतक्या लांब बसवा. याला तर फॉर्मही लागत नाही.

रकान्याचा नमुना मी करून ठेवलाय. एकाच पानात बसतो, मराठीत आहे, मागे खण आखलेत. तिन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांना पोस्टाने पाठवतोय, पोचपावतीसह. छपाईची अडचण असेल तर चोपडा तालुक्यापुरत्या प्रती माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत.

उत्तर द्यायचं झालं तर कृपा करून अठराच्या टायपात छापा, ओळींमध्ये जागा सोडा. कार्यालयाचा शिक्का अक्षरांवर मारू नका. माझ्याकडे आलेलं सरकारी पत्र भाचा आधी स्वतः वाचतो, मग मला देतो.

आपला,
एक मामा
ता. चोपडा, जि. जळगाव